विचारसरणी, लोकमत आणि हितसंबंधी गट : अमेरिकेपासून उरण-पनवेलपर्यंत



आजच्या विषयात तीन शब्द आहेत. विचारसरणी, लोकमत आणि हितसंबंधी गट. अमेरिकेच्या राजकारणावरचे कुठलेही प्राथमिक पुस्तक उघडलेत तर या तिन्ही शब्दांवर एकेक प्रकरण असते. विद्यार्थी ती प्रकरणे पाठ करतात, परीक्षेत टिपा लिहितात आणि विसरतात. कारण ती तीन वेगळी प्रकरणे म्हणून शिकवली जातात. प्रत्यक्षात ही तीन चाके एकाच गाडीची आहेत, आणि एक चाक अडले की बाकीची दोन नुसती फिरत राहतात. आज मी थोडे अमेरिकेबद्दल बोलणार आहे आणि बरेचसे आपल्याबद्दल. आपण पनवेलमध्ये बसलो आहोत. इथून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत या तिन्ही शब्दांचा अर्थ लोकांनी रस्त्यावर उतरून, कोर्टात जाऊन, प्रसंगी जीव देऊन शिकलेला आहे. ते उदाहरण सोडून केवळ वॉशिंग्टनच्या गोष्टी सांगणे बरे नव्हे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

विचारसरणी हा शब्द आपण ‘आयडिऑलॉजी’साठी वापरतो. हा शब्द १७९६ साली देस्त्युत द त्रासी नावाच्या फ्रेंच विचारवंताने बनवला. त्याला म्हणायचे होते, कल्पनांचे शास्त्र. पुढे मार्क्सने त्याला वेगळी धार दिली. ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांचे हित सगळ्यांचेच हित आहे असे भासवणारी कल्पनांची रचना, असा काहीसा अर्थ झाला. आज आपण हा शब्द साध्या अर्थाने वापरू. समाज कसा आहे, कसा असावा आणि तिथे पोहोचायचे कसे, याबद्दलचा एकमेकांत गुंफलेला विचार म्हणजे विचारसरणी.

लोकमत म्हणजे काय? पुष्कळ लोकांना पुष्कळ गोष्टींबद्दल जे वाटते ते. पण इथे एक गंमत आहे. फिलिप कॉन्व्हर्स या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ साली एक निबंध लिहिला. त्याचा निष्कर्ष असा की बहुतेक मतदारांच्या मतांमध्ये सुसंगत विचारसरणी सापडत नाही. एका प्रश्नावर माणूस डावीकडे, दुसऱ्यावर उजवीकडे, आणि दोन वर्षांनी विचारले तर तिसरेच उत्तर. म्हणजे लोकमत हे विहिरीतल्या पाण्यासारखे आहे. आहे खरे, पण रहाट आणि पोहरा लागतो. उपसल्याशिवाय ते शेतात जात नाही.

हा रहाट म्हणजे हितसंबंधी गट. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘दबावगट’ म्हणतात. समान हित असलेली माणसे संघटित होतात, वर्गणी काढतात, कार्यालय थाटतात, निवेदने देतात आणि सरकारकडून काही करून घेतात किंवा काही होऊ देत नाहीत.

मॅडिसनची काळजी

अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ साली वर्तमानपत्रांत लेखांची एक मालिका चालली होती. त्यातला दहावा लेख जेम्स मॅडिसनचा. त्याचा विषयच गट हा आहे. त्याचा युक्तिवाद मी माझ्या शब्दांत सांगतो. माणसे स्वतंत्र असली की त्यांची मते वेगळी होणार, मालमत्ता कमी-जास्त होणार, आणि त्यातून गट पडणारच. गट नकोत म्हणून स्वातंत्र्य काढून घेणे हा रोगापेक्षा भयंकर उपाय. मग करायचे काय? देश मोठा ठेवा, गट पुष्कळ होऊ द्या. एक गट दुसऱ्याला आवरेल.

ऐकायला छान वाटते. पण यात एक गृहीतक लपलेले आहे. ते असे की ज्याचे काही हित आहे त्याचा गट बनतोच. हे खरे आहे का? १९६५ साली मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने दाखवले की तसे होत नाही. फायदा सगळ्यांना वाटून मिळणार असेल तर प्रत्येक जण म्हणतो, दुसरा करील, आपण कशाला झळ सोसा. त्यामुळे थोड्या लोकांचा मोठा फायदा असेल तर गट पटकन बनतो. पुष्कळ लोकांचा थोडा थोडा फायदा असेल तर बनत नाही. साखर कारखानदारांची संघटना असते, चहात साखर घालून पिणाऱ्यांची नसते.

याचे अमेरिकेतले ठळक उदाहरण बंदुकांचे. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक इथल्या शाळेत लहान मुलांचे हत्याकांड झाले. त्यानंतर बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी, या मागणीला जनमत चाचण्यांत जवळपास नव्वद टक्के पाठिंबा दिसत होता. एप्रिल २०१३ मध्ये तसे विधेयक सिनेटमध्ये आले. बाजूने ५४ मते, विरोधात ४६. पण चर्चा संपवून पुढे जायला साठ मते लागत होती, म्हणून ते पडले. नव्वद टक्क्यांचे लोकमत आणि विधेयक पडले! कारण विरोधकांची संख्या कमी असली तरी ते संघटित होते, १८७१ पासून चालत आलेली त्यांची संस्था होती, आणि याच एका प्रश्नावर मत देणारे मतदार त्यांच्याकडे होते. नव्वद टक्क्यांपैकी बहुतेकांसाठी हा दहा प्रश्नांपैकी एक प्रश्न होता. राजकारणात किती लोकांना वाटते याइतकेच किती तीव्रतेने वाटते, हेही मोजले जाते.

मग प्रश्न असा, की ज्यांच्याकडे पैसा नाही, संस्था नाही, त्यांचे हित कधीच पुढे येत नाही का? येते. त्यासाठी आता आपल्या जिल्ह्यात या.

चरीचे शेतकरी

अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. १९३३ साली तिथे आणि आजूबाजूच्या पंचवीस गावांत कुळांनी संप केला. खोतांची जमीन कसायचीच नाही असा संप. नेतृत्व नारायण नागू पाटील यांचे. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे लोकांनी शेत पडीक ठेवले, लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, उपासमार काढली.

ओल्सनच्या हिशेबाने हा संप व्हायलाच नको होता. कुळांकडे जमिनीचा कागद नव्हता. गट मोठा, फायदा लांबचा, आणि झळ आजची. एखाद्याने गुपचूप जाऊन खोताची जमीन कसली असती तर त्याचा वैयक्तिक लाभच होता. मग इतकी वर्षे माणसे टिकली कशी? जात-गावकीची घट्ट वीण हे एक कारण. गावकीने ठरवले की ते मोडायचे नाही, आणि मोडणाऱ्याला गावात राहणे कठीण. पण आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठे आहे. त्यांना एक वाक्य मिळाले होते : कसेल त्याची जमीन.

या वाक्याने काय केले बघा. त्याआधी कुळाची तक्रार होती ती अशी की खोत फार घेतो, थोडे कमी घ्यावे. ही विनवणी झाली. ‘कसेल त्याची जमीन’ म्हटल्यावर ती विनवणी राहिली नाही, तो हक्क झाला. आणि तो एकट्या चरीच्या कुळाचा नव्हे, कसणाऱ्या प्रत्येकाचा. त्यामुळे रत्नागिरीच्या कुळाला तो आपला वाटला, मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या त्याच्या भावाला आपला वाटला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली शेतकरी कुळे मुंबईत मोर्चाने विधिमंडळावर गेली. त्याच सुमारास, १९३७ साली, ‘कृषीवल’ हे पत्र सुरू झाले. गट झाला, विचार झाला, वर्तमानपत्र झाले. तिन्ही चाके जागेवर आली. मग महसूल मंत्री मोरारजी देसाई यांना लक्ष घालावे लागले, १९३९ चा कूळ कायदा आला, १९४८ चा आला, १९४९ साली खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी, ज्याला कृषक दिन म्हणतात, कूळ कायद्याने मालक झाले.

इथे विचारसरणीचे खरे काम कळते. एका गटाचे हित गटाबाहेरच्या माणसालाही न्याय्य वाटेल अशा भाषेत मांडणे, हे ते काम. नुसते हित असेल तर बाहेरचा माणूस म्हणतो, तुमचे तुम्ही बघा. नुसता विचार असेल तर सभा होते, टाळ्या पडतात आणि लोक घरी जातात.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेत हितसंबंधी गट साधारणपणे पक्षाच्या बाहेर उभा राहून दोन्ही पक्षांवर दाब टाकतो. लॉबी करणाऱ्याला तिथे १९९५ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करून कोणासाठी काम करतो ते जाहीर करावे लागते. आपल्याकडे तसा कायदा नाही. आपल्याकडे गट पक्षाच्या आतच शिरतो, कधी स्वतःच पक्ष होतो. शेतकरी कामगार पक्ष हे त्याचे चांगले उदाहरण. १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला त्याने मार्क्सवादी भूमिकेचा प्रबंध स्वीकारला. पण पनवेल, उरण, अलिबागच्या गावागावांत त्याला मत पडले ते कुळाच्या लढ्याची आठवण म्हणून. त्यामुळेच ते इतकी वर्षे पडत राहिले.

१९८४ : सातबाऱ्यावरचा माणूस

आता पुढचा टप्पा. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. तारखा शेजारी ठेवून बघा. कूळ मालक झाले १९५७ साली, आणि तेरा वर्षांत तीच जमीन संपादनात आली. नुकता हातात आलेला कागद परत मागितला गेला.

दि. बा. पाटील या लढ्याचे नेते. जासईचे, वकील, पनवेलचे आमदार, पुढे खासदार, शेकापचे. जानेवारी १९८४ मध्ये, न्हावा-शेवा बंदर आणि नव्या शहरासाठीच्या संपादनाविरुद्ध, जासई-दास्तान भागात आणि परिसरात हजारो शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून जे तत्त्व पुढे आले ते असे, की जमीन घेता तर नुसता भाव देऊन मोकळे होऊ नका, विकसित झालेल्या जमिनीतला वाटा परत द्या. १९९० साली साडेबारा टक्के योजनेचा शासन निर्णय झाला. विमानतळासाठी पुढे २०१४ साली हाच वाटा साडेबावीस टक्के ठरला.

हे तत्त्व छोटे नाही. शहर वसल्यावर जमिनीची किंमत वाढते ती कोणाची? फक्त शहर वसवणाऱ्याची की जमीन देणाऱ्याचीही? हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याने विचारला आणि काही प्रमाणात उत्तर मिळवले. पुढे राज्यात इतर ठिकाणी संपादनाच्या वाटाघाटी झाल्या तेव्हा साडेबारा टक्क्यांचा दाखला दिला गेला.

पण आता भाषा कशी बदलली ते पाहा. चरीचे वाक्य होते ‘कसेल त्याची जमीन’. १९८४ नंतरचे वाक्य झाले ‘ज्याची जमीन त्याला वाटा’. दोन्ही न्याय्य आहेत. पण दुसरे वाक्य सातबाऱ्यापाशी थांबते. ज्याचे नाव उताऱ्यावर, तो प्रकल्पग्रस्त. विचाराचे वर्तुळ जिथे संपले तिथे गटाचेही वर्तुळ संपले.

यादीबाहेरची माणसे

त्या वर्तुळाबाहेर कोण होते? मिठागरांवर राबणारे होते. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणारे होते. कातकरी होते, ज्यांच्या वाड्या कित्येकदा दुसऱ्याच्या जमिनीवर, आणि जे दिवाळी झाली की वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर निघून जातात. सर्वेक्षणाला माणूस येतो तेव्हा घराला कुलूप. आणि कोळी होते. खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? कोणाच्याच नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर पोट भरले ते पाणी बंदराच्या भरावाखाली गेले, तर मोबदला कशाचा मागायचा?

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. शेवा कोळीवाड्याचे लोक उठून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आले. तिथल्या घरांना वाळवी लागली. पुनर्वसन नीट करा ही त्यांची मागणी पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. जमीनवाल्या शेतकऱ्यांसारखी ताकद त्यांच्यामागे उभी राहिली नाही, कारण संख्या थोडी आणि हक्काला नाव नाही.

मग त्यांनी वेगळी वाट धरली. उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा इथल्या पारंपरिक मच्छीमारांचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पण त्या आदेशात जे मान्य झाले ते महत्त्वाचे. कागदावर मालकी नसली तरी उपजीविका हे हित आहे, आणि ते हिरावले तर भरपाई देणे लागते. ही भाषा जमिनीच्या कायद्यातून आली नाही, पर्यावरणाच्या कायद्यातून आली. नवी विचारसरणी आली तेव्हा जुन्या यादीत नसलेल्या माणसाला उभे राहायला जागा मिळाली.

अमेरिकेतली एक गोष्ट इथे सांगतो. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीची चाचणी घेतली. सुमारे एक कोटी पत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या. अंदाज काढला, लँडन जिंकणार. रूझवेल्ट प्रचंड मतांनी जिंकले. चूक कुठे झाली? नावे घेतली होती टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. महामंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती? शिवाय ज्यांना राग होता त्यांनीच पत्रिका उत्साहाने परत पाठवल्या. जॉर्ज गॅलपने फार थोड्या पण नीट निवडलेल्या लोकांना विचारून बरोबर अंदाज दिला. म्हणून लोकमताचा आकडा कोणी तोंडावर फेकला, तर पहिला प्रश्न विचारा, यादी कोणती घेतली होती?

२००८ : पेणचे मतदान

हा प्रश्न आपल्याकडे फार वेगळ्या रीतीने आला. २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला आणि पेण, पनवेल, उरणच्या गावांमध्ये महामुंबई सेझसाठी जमीन घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. विरोध मोठा झाला. प्रा. एन. डी. पाटील होते, सर्वहारा जनआंदोलन होते, वेगवेगळ्या पक्षांचे स्थानिक कार्यकर्ते होते. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शासनाने जमीनधारकांचे मत घेतले. जमीन देता की नाही देत? खासगी कंपनीच्या प्रकल्पाबद्दल असे मत विचारणे ही आपल्याकडे विरळा गोष्ट. मत देणाऱ्यांतले बहुसंख्य विरोधात होते. पुढे संपादनाची मुदत संपली आणि प्रक्रिया बारगळली.

हा विजय कसा झाला याचा विचार करा. एका बाजूला देशातला फार मोठा उद्योगसमूह होता, पैसा होता, सरकारची इच्छा होती. दुसऱ्या बाजूला भातशेती करणारे. शुद्ध हितसंबंधांच्या हिशेबात निकाल उलटा लागायला हवा होता. पण आंदोलनाने मागणी वाढीव भावापुरती ठेवली नाही. धरण बांधले, त्याचे पाणी शेताला येणार होते, आणि ते पाणी येण्याआधीच शेत घेणार? हा प्रश्न कुठल्याही शहरातल्या माणसाला पटण्यासारखा होता. पिकाऊ जमीन, सार्वजनिक पैशाने बांधलेले धरण, आणि खासगी कंपनीसाठी सरकारने केलेले संपादन, या तिन्हींचा मिळून एक न्यायाचा प्रश्न झाला. पुन्हा तिन्ही चाके जागेवर आली.

तरी एक गोष्ट नजरेआड करू नका. मत विचारले ते जमीनधारकांना. त्याच गावांत राहणाऱ्या भूमिहीन मजुराला कोणी पत्रिका दिली नाही. त्याचे उत्तर कदाचित तेच आले असते. पण प्रश्न विचारला गेला नाही, हे खरे.

विमानतळाचे नाव

शेवटचे उदाहरण तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे. २०२१ साली नवी मुंबई विमानतळाच्या नावावरून इथे मोठे आंदोलन झाले. सिडकोने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा प्रस्ताव केला होता, स्थानिकांची मागणी दि. बा. पाटील यांच्या नावाची. १० जूनला मानवी साखळी झाली, २४ जूनला, म्हणजे दि. बां.च्या स्मृतिदिनी, सिडको भवनावर मोर्चा गेला. २९ जून २०२२ रोजी जाता जाता ठाकरे मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाला मान्यता दिली. १६ जुलैला शिंदे मंत्रिमंडळाने पुन्हा तोच निर्णय घेतला. एकमेकांशी भांडणारी दोन सरकारे सतरा दिवसांत एकाच ठरावावर आली.

पुस्तकी माणूस विचारील, नावाने काय मिळते? भूखंड वाढत नाही, नोकरी लागत नाही. मग इतके लोक का आले? याचे उत्तर हितसंबंधांच्या सिद्धांतात नाही. हेगेलने मान्यतेबद्दल जे सांगितले त्यात आहे. माणसाला नुसता मोबदला पुरत नाही. हे शहर ज्यांच्या जमिनीवर उभे आहे ते आम्ही, हे दुसऱ्याने मान्य करावे लागते. ती भूक खरी आहे, तिला भावनिक म्हणून हिणवू नका.

पण राज्यकर्त्यांनाही एक गोष्ट कळते. नाव देणे स्वस्त असते. नाव दिल्याने कुठल्याही दुसऱ्या गटाचा पैसा जात नाही, म्हणून दोन विरोधी सरकारे त्यावर पटकन एक होतात. गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करणे, विमानतळावर किती स्थानिक कायम नोकरीत आणि किती कंत्राटी, नैना क्षेत्रातल्या शेतकऱ्याच्या हातात शेवटी किती जमीन राहणार, या प्रश्नांवर कोणाचे तरी हित दुखावते. तिथे ठराव सतरा दिवसांत होत नाहीत. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. हे प्रश्न त्याच्या कुंपणाबाहेर उभेच आहेत.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

पहिली चिठ्ठी : “म्हणजे हितसंबंधी गट वाईटच का?”

अजिबात नाही. मॅडिसनचे पहिले म्हणणे मला आजही पटते. स्वातंत्र्य आहे तिथे गट असणार. चरीची कुळे हाही गट होता, उरणचे मच्छीमार हाही गट. वाईट तेव्हा होते जेव्हा काहींचेच गट असतात, आणि तेच स्वतःला ‘जनता’ म्हणवून घेतात. अशा वेळी गट मोडण्याच्या मागे लागू नये. ज्यांचा गट नाही त्यांचा व्हावा, यासाठी मदत करावी.

दुसरी चिठ्ठी एका तरुण मित्राची : “आता व्हॉट्सअपवर सगळे आपापले मत मांडतात. मग लोकमत थेट पोहोचतेच की. गट कशाला हवा?”

बाबा, मत मांडणे आणि मत पोहोचणे यात अंतर आहे. नव्वद टक्के अमेरिकनांनी मत मांडलेच होते. मोबाइलमुळे सांगणे सोपे झाले. महिनोन्‌महिने झळ सोसून एकत्र राहणे काही सोपे झालेले नाही. चरीच्या लोकांकडे फोन नव्हता, सहा वर्षांची चिकाटी होती. दुसरे असे, की तुमच्या व्हॉट्सअप गटात कोण आहे तेही बघा. पनवेलच्या एखाद्या सोसायटीच्या गटात पाण्याच्या टँकरवर दोनशे संदेश येतील. त्याच सोसायटीच्या मागच्या वाडीतल्या कातकरी बाईला पाणी कुठून येते, यावर एकही येणार नाही. तिची इच्छा नाही असे नव्हे. ती त्या यादीत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘जनतेची मागणी आहे’ असे वाचलेत, तर तीन गोष्टी विचारा. यात कोणाचे हित आहे, ते उघड सांगितले आहे का? ते ज्या भाषेत मांडले आहे ती बाहेरच्या माणसालाही न्याय्य वाटते का? आणि ज्यांना विचारले त्यांची यादी कुठून आणली? उत्तरे मिळायला वेळ लागेल. ग्रामपंचायतीत, सिडकोच्या कचेरीत, तलाठ्याकडे खेटे घालावे लागतील. नैनाच्या योजनेवर तुमच्या गावात हरकती-सूचनांची सुनावणी लागली तर तिथूनच सुरुवात करा. नोटीस कोणाकोणाच्या नावे निघाली आहे तेवढे एकदा वाचून पाहा, आणि गावात राहणाऱ्या कोणाचे नाव त्यात नाही तेही लिहून काढा.